पंखेवाल्यांच्या कानातली शिट्टी

पंखा दुरुस्त झाला की नाही, हे पंखेवाले काका डोळ्यांनी कधी ठरवत नसत. चालत्या मोटरवर स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवायचं, मूठ कानाशी धरायची आणि डोळे मिटायचे. इतकं एकचित्त होऊन माणूस देवापुढेही बसत नाही. आत बारीक शिट्टी वाजली की समजायचं, बेअरिंग गेलं.

अलीकडे मात्र प्रत्येक पंख्यात शिट्टी वाजू लागली. नवं बेअरिंग घातलं तरी वाजे. गिऱ्हाइकं हेलपाटे घालून दमली. "अजून बोलतोय, आज नाही देता येणार," हे ठरलेलं उत्तर. दुकान भरलं, मग पंखे घरात आले, पलंगाखाली शिरले. बायको पात्यांमधून अंग चोरत चहा आणायची. तेवढ्यात कोपऱ्यावर दुसरं दुकान निघालं.

"अहो, अशानं आपलं दुकान बसेल."

"आणि वाजता पंखा दिला तर नाव बुडेल, त्याचं काय?"

एका दुपारी तिनं पाहिलं, तर पंखेवाले डोळे मिटून ऐकत होते. "हाही बोलतोय."

"अहो, वीज गेलीय."

त्यांनी डोळे उघडले, थांबलेली पाती पाहिली आणि गंभीरपणे म्हणाले, "बघ म्हणजे, किती बिघडलाय. बंद असूनही वाजतो."

मग त्यांनी भिंत तपासली. तीही बोलत होती. पाण्याचं पिंप, उशी, सगळीच नादुरुस्त. बायको समोर येऊन बसली. "आता माझं बघा." त्यांनी तिच्या कपाळावर टोक टेकवून बराच वेळ ऐकलं.

"तुझंही गेलंय गं."

"ते लग्नातच गेलं. उठा, डॉक्टरकडे चला."

कानाच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं. पत्र्याच्या बंद खोलीत, उघड्या कानांनी, पंख्यांचे गंजके भाग घासायला उभा जन्म ग्राइंडर चालवलेला. "मोठ्या आवाजानं आतल्या नाजूक पेशी मेल्यात. बाहेरचं नीट पोचत नाही, म्हणून मेंदू स्वतःच शिट्टी वाजवतो."

"नवं बेअरिंग मिळतं का?"

"नाही. उरलंय तेवढं जपा. ग्राइंडरशी बसताना कान झाका, कानात काड्या घालू नका. अगदी शांततेत शिट्टी जास्त छळेल, तेव्हा झोपताना खोलीत हलकासा आवाज असू द्या. हळूहळू मन तिच्याकडे दुर्लक्ष करायला शिकतं."

परतताना बायकोनं कान झाकायची जाड टोपणं घेतली. "डोळ्यांना देवानं पापण्या दिल्या, कानांना नाही. तेवढं काम आपल्यावर सोपवलं," ती म्हणाली.

आता ऐकायचं काम तिच्याकडे आलं. पहिल्या दिवशी तिनं मूठ कानाशी धरली, तर पंखेवाले निकाल लागायचा असल्यासारखे तिच्या तोंडाकडे बघत होते.

"गप्प आहे."

"नीट ऐक."

"अहो, इतके गप्प तर तुम्ही जेवतानाही नसता. द्या त्याला परत."

एकेक करून पंखे आपापल्या घरी गेले आणि पलंगाखाली पुन्हा झाडू फिरू लागला. एकच पंखा उरला, दोघांच्या खोलीतला, रात्रभर घरघरणारा. कोपऱ्यावरचा दुकानदार एकदा सहज आला आणि वर बघून म्हणाला, "काका, तुमच्याच घरात हे? आणा, फुकट गप्प करतो."

पंखेवाल्यांनी स्क्रूड्रायव्हर उगारला. "हात लावून तर बघ. तो बोलतो म्हणून मला झोप लागते."