निरोपाचे अकराशे रुपये

३० सप्टेंबर १९९९, संध्याकाळ. रक्कम अकराशे रुपये. हजर होते बसमधले बत्तीस नेहमीचे प्रवासी आणि मी, त्यांचा ड्रायव्हर. माणशी पस्तीस जमले होते, त्यातले वीस हाराला गेले.

आमची चार्टर्ड बस गाझियाबादच्या सरकारी नोकरांना दिल्लीतल्या कचेऱ्यांत न्यायची आणि संध्याकाळी परत आणायची. अकरा वर्षं मी ती चालवली. मग बँका गाड्यांसाठी कर्ज देऊ लागल्या आणि एकेक सीट रिकामी होत गेली. बावन्नचे बत्तीस झाले तेव्हा मालकाने माझा पगार अठ्ठावीसशेवरून बावीसशेवर आणला. नव्या सोसायट्यांच्या कामांवर विटांचा ट्रक चालवायचे छत्तीसशे मिळत होते. दोन मुलं शाळेत होती. मी ट्रकची नोकरी धरली.

प्रवाशांना मात्र सांगितलं, गुडगावला एका कंपनीची स्टाफ बस मिळाली आहे. कारण अकरा वर्षं मी ह्याच लोकांना ट्रकवाल्यांवरून हसवलं होतं. पुढे ट्रक आडवा आला की आरशात बघून म्हणायचो, "गधे को गाड़ी खींचते देखा था, यहाँ तो चला रहा है." पुढच्या सीटवर नागपूरच्या एक ताई बसायच्या. बसमध्ये माझ्याशी मराठी बोलणाऱ्या त्या एकट्याच. त्याही तोंडाला पदर लावून हसायच्या. वर्गणी त्यांनीच गोळा केली होती. "नवी बस जपून चालवा, भाऊ," म्हणत पाकीट त्यांनीच दिलं. मी घेतलं. घरी ते फोडवेना. कपाटात कपड्यांखाली पडून राहिलं.

ऑक्टोबर संपता संपता, सकाळी आठच्या सुमारास, विटा भरून त्याच रस्त्याने चाललो होतो. जुना थांबा आला आणि हातांनी आपोआप गाडी डावीकडे घेतली. ब्रेक लागल्यावर कळलं, काय केलं ते. थांब्यावर माझेच प्रवासी उभे होते. मागून माझीच बस आली. तिला लागायला जागा नव्हती. नव्या ड्रायव्हरने खिडकीतून डोकं काढलं.

"ओए, ईंटें उतारकर सवारी भरेगा क्या?"

सगळे हसले. माझ्या बोलण्यावर हसायचे, तसेच. मग ताईंनी वर केबिनकडे पाहिलं आणि त्या हसायच्या थांबल्या.

"भाऊ, तुम्ही?"

मी ट्रक पुढे काढला. पहिल्याच गिअरमध्ये चौकापर्यंत गेलो, दुसरा टाकायचं सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी कामावर उशिरा येतो असं कळवून, पाकीट घेऊन चालत थांब्यावर गेलो. ताईंना म्हणालो, हे परत घ्या, गुडगावची बस खोटी होती.

"ट्रक चालवायची लाज वाटली?"

"ट्रकची नाही, ताई. मी काय काय बोललो होतो, त्याची."

त्यांनी पाकीट हातात घेतलं. मग म्हणाल्या, आता बत्तीस जणांना कुठे वाटत बसू. मी म्हटलं, बसच्या ड्रायव्हरला दिले होते, तर बसच्या ड्रायव्हरलाच द्या. दिवाळी जवळ आली होती. त्यांनी शेजारच्या दोघातिघांना विचारलं. कुणी नाही म्हणालं नाही.

बस आली. दिवाळीचे म्हणून ताईंनी पाकीट नव्या ड्रायव्हरच्या हातात दिलं. त्याने ते कपाळाला लावलं आणि सगळ्यांना नमस्कार केला, त्यात मलाही. आदल्या दिवशीचा ट्रकवाला तो मीच, हे त्याने ओळखलं नाही आणि ताईंनीही सांगितलं नाही.

अकराशे रुपये, न फोडलेल्या पाकिटात, त्याला मिळाले.