दत्ताच्या नंबरवर मी बसलो

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. खुलताबादच्या घाटात गाडी बंद पडली, तर मी आधी पेट्रोल बघतो... आणि बहुतेक वेळा तेच संपलेलं असतं. तरी हे लिहितोय. भीतीपेक्षा लाज जास्त वाटते म्हणून.

शेंद्रा एमआयडीसीतल्या आमच्या कंपनीत मागच्या वर्षी एचआरच्या शेजारच्या खोलीत एक स्क्रीन बसवली. तिच्यात 'आशाताई'. खरी बाई नाही, कॉम्प्युटरनं बनवलेली. मान हलवते, मराठीत बोलते, मनातलं विचारते. प्रत्येकानं वीस मिनिटं बसायचंच. एम्प्लॉयी नंबर टाकला की सुरू.

माझ्या लाइनवरचा दत्ता, पैठणचा, दहा वर्षांचा दोस्त. म्हणाला, "विन्या, माझ्या नंबरवर तूच बसून ये. मला नाय जमायचं ते."

दुसऱ्याची हजेरी लावण्यात माझा हात कोणी धरू शकत नाही. बसलो. "मी दत्ता. बायको रोज वांगंच करती ताई, झोप उडाली माझी." बराच वेळ असलंच काहीबाही चाललं. आशाताईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "दत्ताभाऊ, खिशातली चिठ्ठी कुणाला दाखवलीत का?"

चिठ्ठीचं मी काही बोललोच नव्हतो. मशीन बिघडलं म्हणत हसत बाहेर आलो आणि कॅन्टीनमध्ये सगळ्यांसमोर तिचा आवाज काढला – "दत्ताभाऊ, खिशातली चिठ्ठी दाखवा की."

सगळं टेबल खदखदून हसलं. दत्ताचा हात शर्टाच्या खिशावर गेला आणि तिथंच राहिला. मग तो ताट तसंच टाकून उठला.

गेटजवळ त्याला गाठलं, खिशातली चिठ्ठी मागून घेतली. चिठ्ठी बायकोला लिहिलेली होती. 'मला माफ कर, पोरीला सांभाळ'... पुढं माझ्याच्यानं वाचवलं नाही. त्याला एकटं सोडलं नाही, तसंच डॉक्टरांकडे नेलं. आता औषधं चालू आहेत, बरा आहे.

नंतर दत्तानं आपल्या नंबरचं रेकॉर्डिंग मागून घेतलं. दोघांनी ऐकलं. माझं वांगं आहे, माझं खिदळणं आहे. तो प्रश्न मात्र नाही. तिथं नुसती शांतता. मशीनवाल्यांनाही काही सांगता आलं नाही.

परवा चहाच्या टपरीवर मी म्हणालो, "तिला कसं कळलं असंल रे?"

"ते जाऊ दे," दत्ता म्हणाला. "तुला बस म्हणलो, तवा वाटलं, तू तरी विचारशील. का जमायचं नाय म्हणून."

विचारलं होतं मी त्याला तेव्हा. एवढंच – "बसतो, पण चहा कोण पाजणार?"