चाकं नसलेली सायकल

"सायकल आणतो म्हणाला होतास."

"मग ही काय आहे?"

"हिला चाकं कुठायत?"

"आई, हिला चाकं नसतातच. जागेवरच चालते. अर्धा तास पायडल मारायचं, व्यायाम झाला. वर पंखा, समोर टीव्ही. आणखी काय हवंय तुला?"

"मला मास्तरांकडे ड्रेसिंगला जायचं असतं. ही नेईल?"

सून हात पुसत स्वयंपाकघराच्या दारात आली. "दांडा मात्र तुम्ही सांगितलात तसा खालीच आहे हं, आई," ती म्हणाली. तिला मदत करायची होती की आगीत तेल ओतायचं होतं, ते तिच्या नवऱ्यालाही कळलं नाही.

ज्यांच्यासाठी हे यंत्र घरात आलं होतं, त्यांना सगळा परिसर सिस्टर म्हणतो. इस्पितळात तेहतीस वर्षं काढली. निवृत्तीच्या समारंभात मिळालेले हार सुकायच्या आत त्यांनी सायकलच्या कॅरिअरला स्टीलचा डबा बांधला आणि घरोघरी इंजेक्शनं, ड्रेसिंग सुरू केलं. आज त्या एकसष्ट वर्षांच्या आहेत. जो अंथरुणातून उठू शकत नाही त्याच्याकडेच जातात. धडधाकट माणसाने घरी बोलावलं तर म्हणतात, "तुला पाय आहेत ना? मग दवाखान्यात जा."

गेल्या आठवड्यात त्यांचं पुढचं चाक गटाराच्या जाळीत अडकलं. सायकल आडवी, सिस्टर आडव्या. उठल्या, डबा उघडून बाटल्या शाबूत आहेत का ते आधी पाहिलं, आणि सायकल ढकलत उरलेली तीन घरं केली. शेवटच्या घरी पेशंटचं झाल्यावर स्वतःच्या कोपराला पट्टी बांधली. ती पट्टी मुलाने पाहिली आणि म्हणाला, "ती खटारा सायकल आता टाकून दे. मी नवी आणतो." त्या हो म्हणाल्या. दांडा खाली असलेली आण, एवढंच बजावलं.

तरी आज सकाळी त्या सायकलवाल्याकडे जाऊन आल्या होत्या. तो जुन्या सायकलीभोवती फिरला आणि म्हणाला, "सिस्टर, खरं सांगू? नवीच घ्या. फोर्क बदलावा लागेल, रिम गेलीय, मागचा ब्रेक नावालाच आहे." त्याच्याकडच्या दोन नव्या सायकलींवर त्यांनी बसून पाहिलं. एकीवर उजवा गुडघा चढेना. दुसरीवर चढल्या, पण पाय जमिनीला टेकेनात.

"गुडघा नवा ठेवतोस का दुकानात?" त्यांनी विचारलं.

"तो माल आला की पहिला तुम्हालाच," सायकलवाला हसला. "जुनीच करायची तर तीन दिवस लागतील."

मुलगा काय आणतो ते पाहून सांगते, असं म्हणून जुनी तिथेच ठेवून त्या परतल्या होत्या. आणि आता हे.

"आणि पुन्हा पडलीस तर?" मुलाचा आवाज चढला. "हाड मोडलं तर तुझं कोण करणार?"

"तू करशील. तुला वाढवलंय कशाला?"

खुर्चीतून त्याचे वडील पेपरामागे हसले. "मला यात ओढू नका," असंही म्हणाले. त्यांना कुणीच ओढलं नव्हतं.

"विषय संपलाय, आई. मी तुझ्या वहीतले नंबर काढून सगळ्यांना कळवलंय. पाचही घरी. उद्यापासून तू येणार नाहीस म्हणून."

सुनेने फडकं खांद्यावर टाकलं. "हे मला नव्हतं सांगितलंत तुम्ही," ती नवऱ्याला म्हणाली. सासऱ्यांनी पेपर खाली ठेवला.

सिस्टर ओरडल्या नाहीत. मास्तरांच्या टाचेची जखम त्यांच्या डोळ्यांपुढे आली. पाच महिने रोज धुऊन, पुसून आता कुठे कडेने गुलाबी कातडी धरायला लागली होती. चार दिवस कुणी हात लावला नाही तर ती पुन्हा पहिल्यासारखी होणार, हे घरात फक्त त्यांनाच माहीत होतं. त्यांनी चष्मा लावला, वही काढली आणि फोन उचलला.

"सिस्टर बोलतेय. मी उद्या येतेय. हो, तो माझाच मुलगा होता. नाही नाही, माझी तब्येत उत्तम आहे. त्याचीही बरी आहे."

पाच फोन झाले. पाचही वेळा हेच, शब्दही न बदलता. मुलगा आधी येरझारा घालत होता, तिसऱ्या फोनला बसला. पाचांतल्या एका आजींच्या घरी थोडा वेळ लागला, कारण त्या रडायला लागल्या होत्या आणि सिस्टरना त्यांना दम भरावा लागला. सहावा फोन सायकलवाल्याला.

"जुनीच कर. ब्रेक दोन्ही नवे टाक, मागचाच नाही. आणि माझ्याशिवाय कुणीही न्यायला आलं तर द्यायची नाही. कुणीही म्हणजे घरचंसुद्धा."

"अगं आई, निदान माझं ऐकून तरी..."

"तू मला विचारलं होतंस?"

सिस्टरनी वही मिटली, कपाटात ठेवली, कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. मग सगळ्यांकडे एकदा पाहिलं.

"सायकल तीन दिवसांनी मिळेल. तोवर मी पायी जाणार. सकाळी सहाला निघेन, दोनपर्यंत येईन. जेवायला माझ्यासाठी थांबू नका."