पाच बांबू

आमच्या नवापूरच्या किनाऱ्यावर प्रत्येक घराची बोंबील सुकवायची वलांडी ठरलेली आहे. वाळूत ओळीने बांबू रोवायचे, त्यांना आडव्या दोऱ्या बांधायच्या आणि दोरीवर बोंबील लटकवायचे, एवढीच ती वस्तू. पण तिची जागा सासूकडून सुनेकडे येते. कागद कुठेच नसतो, आणि एक बांबू हातभर सरकला तर दोन घरं तीन-तीन वर्षं एकमेकांच्या हळदीला जात नाहीत.

मला वलांडी सासूकडून मिळाली नाही. आमच्या वाट्याला काही आलंच नव्हतं. मी कुंभवलीच्या चाळींतून डोक्यावर टोपली घेऊन मासे विकले, आणि गावातल्या एका निपुत्रिक म्हातारीशी सौदा केला: ती असेपर्यंत दोन वेळचं जेवण माझं, तिच्यामागे तिची चौदा बांबूंची वलांडी माझी. मला वाटलं होतं, फार तर दोन वर्षं. म्हातारी अकरा वर्षं जगली आणि रोज ताजं कालवण मागायची. मी दिलं. त्यामुळे त्या चौदा बांबूंबद्दल मला कोणी काही शिकवू नये.

पुढे होडी झाली. सुकाणूवर नवरा, बाकीचा व्यवहार माझ्याकडे. होडी झाली तेव्हा गावात माणसं उरली नव्हती. पोरं तारापूरच्या कंपन्यांत लागली. सगळ्यांच्याच होड्यांवर बाहेरचे खलाशी, आणि ते होळीला घरी जायचे ते परत यायचेच नाहीत. दरवर्षी नवा माणूस आणायचा, हलत्या फळीवर उभं राहायला शिकवायचं, त्याची ओकारी थांबली की तो जाणार. गावच्या बैठकीत यावर सुस्कारे पुष्कळ टाकले जात.

मी बोईसरच्या नाक्यावर गेले. सकाळी तिथे मजूर उभे असतात. एकाचे हात मनगटापर्यंत गुलाबी होते, रंगाच्या कारखान्यातून आलेला. झारखंडचा. विचारलं, पाण्याची भीती वाटते का? म्हणाला, "डॅम के किनारे का हूँ, काकी. पानी से नहीं, सेठ से डर लगता है." मी त्याला घेऊन आले. नवरा म्हणाला, "बोंबील निवडतीस तसा मानूस निवडलास." दिवाळीपर्यंत त्याच्या हातांचा रंग गेला आणि जाळं ओढायला त्याच्यासारखा दुसरा कोणी नव्हता.

संक्रांतीनंतर तोही होळीला घरी जायची भाषा करू लागला. बायको आणि लहान मुलगी गावी होती. तेव्हा मला उमगलं की सगळा गाव इतकी वर्षं खलाशी आणत होता, माणूस कोणी आणत नव्हतं. चूल तिकडे असेल तर पाय तिकडेच वळणार. मी त्याच्याच फोनवरून त्याच्या बायकोशी बोलले.

"मेरे लिए क्या काम है?" तिने पहिलाच प्रश्न टाकला.

"काम बहोत है इधर."

"आपका काम या मेरा काम?"

पालघरच्या बाजारात मी भल्याभल्यांशी भाव केले आहेत, पण असा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी म्हटलं, पहिलं वर्ष माझ्या वलांडीवर मजुरी कर. दुसऱ्या वर्षी तुझी स्वतःची जागा देईन, तुझे बोंबील तू सुकव, तू विक. किती जागा, तिने विचारलं. चार बांबू, मी म्हटलं. ती सहा म्हणाली. पाचावर सौदा पटला. फोन ठेवताना मला हसू आलं. बरोबरीचं माणूस मिळालं होतं.

ती आली. घरामागची खोली मी त्यांना दिली, पत्रे बदलले, रेशनच्या दुकानदाराशी भांडले, मुलीला हाताला धरून शाळेत नेऊन बसवलं. पहिल्या दिवशी तिने बोंबील शेपटीने बांधले. दुपारपर्यंत सगळे गळून वाळूत. वलांड्यांवरच्या बायका पोट धरून हसल्या. तिने गळलेले सगळे गोळा केले. टोपली भरून समुद्रावर गेली, एकेक धुऊन आणला, आणि माझ्याजवळ उभी राहून बघत राहिली: एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची. शिमग्यापर्यंत तिचा हात माझ्यापेक्षा जलद झाला होता. मराठीही तशीच उचलली, गुपचूप.

त्या होळीला बाकी होड्यांचे खलाशी गेले. माझा राहिला. आमची होडी एप्रिल-मेमध्येही समुद्रावर जात होती. दोन होडीवाले मला विचारून गेले, कसं जमवलंस. मी त्यांना बसवून सांगितलं. वाटलं, गावाला अक्कल येते आहे.

दुसऱ्या हंगामात, दिवाळीनंतर, ती म्हणाली, "काकी, मेरे पाँच बांबू."

माझ्या डोक्यात जागा पहिल्यापासून ठरलेली होती. माझ्या वलांडीला लागूनच शेजारणीच्या जावेची वलांडी. ती जाऊ पालघरला फ्लॅटमध्ये राहायला गेली, त्याला बरीच वर्षं झाली. तिच्या बांबूंवर कावळ्यांशिवाय कोणी बसत नव्हतं. एका दुपारी सगळ्या बायका किनाऱ्यावर असताना मी शेजारणीला म्हटलं, "तुज्या जावेची रिकामीच हाय. पाच बांबू हिला दे. वर्साला सुकट देल ती तुमाला."

"जावेची हाय, माजी नाय."

"मग जावेला फोन लाव."

लावला. सगळ्यांना ऐकू येईल असा. पलीकडून जाऊ म्हणाली, "रिकामी तर रिकामी. उद्या माजी सून इचारील, माजी वलांडी कुटं हाय."

"तुजी सून बोंबलाचा वास आला की खिडक्या लावते गो," मी म्हटलं.

बायका हसल्या, पण हसून पुन्हा तिच्याच बाजूला गेल्या. एकजण म्हणाली, "आज पाच बांबू, उद्या होडी, परवा सरपंच. मंग आमी बोईसरला नाक्यावर उबं ऱ्हायचं."

माझं डोकं फिरलं. "तुमची पोरं कंपनीत पंख्याखाली बसतात," मी म्हटलं. "तुमच्या जाळ्याला हात कोन लावतो? भायेरचाच ना? त्यानं ओढलेली मासळी तुमाला चालते आनि त्याच्या बायकोची दोरी चालत नाय?"

शेजारीण शांत बाई. हातातली जोडी दोरीवर टाकून म्हणाली, "येवडा पुळका हाय तर तुज्यातली दे. तुजी चवदा बांबूंची हाय."

 खलाशाची बायको टोपली कमरेवर घेऊन तिथेच उभी होती. तिला सगळं कळत होतं. ती त्या बायकांकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती.

मी म्हटलं, "मी का द्यायची? खोली मी दिली, शाळा मी केली, मानूस मी आनला. गावाला मानसं पायजेत तर गावानं पन कायतरी सोडावं."

मी बोलले ते चूक होतं असं मला आजही वाटत नाही. एका माणसाने आणायचं, एका माणसाने वसवायचं, आणि गावाने काठावर बसून हिशेब विचारायचा, याला गाव म्हणत नाहीत. पण संध्याकाळी ती दारात आली आणि एवढंच म्हणाली, "काकी, सौदा गाँव से नहीं हुआ था. आपसे हुआ था."

"फुडच्या वर्षी बगते," मी म्हटलं.

जन्मभर व्यापारी मला 'बघतो' म्हणत आले आहेत. त्याचा अर्थ मला माहीत आहे. तिलाही माहीत होता. त्यानंतर तिने पुन्हा विचारलं नाही. हंगामभर माझे बोंबील लटकवले, एक जोडी कधी खाली पडू दिली नाही.

पावसाआधी होड्या वर ओढल्या आणि ते गावी गेले. खोलीला कुलूप लावून किल्ली माझ्या हातात दिली तेव्हा मला वाटलं, गेल्या वर्षीसारखेच पाऊस संपला की येतील. जूनमध्ये शाळेच्या बाई रस्त्यात भेटल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या खलाशाच्या मुलीचा दाखला मात्र फार लवकर नेला हो त्यांनी." मी रस्त्यात उभी राहिले. गावी जाताना कोणी दाखला नेत नाही.

मग कळलं, ती तिघं खाडीपलीकडच्या गावात आहेत. तिथल्या बायकांनी तिला किनाऱ्याच्या टोकाला सात बांबू दिले. पाच नाही, सात. तिच्या माहेरकडची आणखी दोन घरं तिथे आली आहेत. त्या गावाने वेगळं काही केलं नाही, मी त्या दोन होडीवाल्यांना बसवून सांगितलं होतं तेच केलं. फक्त एकीवर टाकलं नाही, सगळ्यांनी थोडं थोडं सरकून घेतलं.

नारळी पौर्णिमेनंतर मी पुन्हा नाक्यावर गेले. तिघे आणले. दोघे चार दिवसांत पळाले, तिसरा मोबाईलवर बोलत जाळं ओढायचा, त्याला मीच हाकललं. नवऱ्याचा गुडघा गेला आहे. होडी ताडपत्रीखाली आहे आणि माझे चौदा बांबू रिकामे आहेत.

मागच्या आठवड्यात शेजारीण आली. यंदा तिच्या धाकट्या दिराला बोंबील चांगले लागतात, दोऱ्या पुरत नाहीत, आणि जाऊ तिलाही आपले बांबू देत नाही. ओसरीवर बसली, पाणी प्यायली, मग म्हणाली, "तुजी वलांडी रिकामीच हाय गो. या वर्साला देतीस का आमाला? आर्दी तरी."

मी म्हटलं, "देते. खाडीपल्याड जा आनि तिला घेऊन ये. पाच तिचे, बाकी तुजे."

तिने तांब्या बाजूला सारला. मग म्हणाली, "ती आता कशाला येल?"

"मग रिकामी ऱ्हाऊ दे."

ती उठून गेली. दुसऱ्या दिवशी मी किनाऱ्यावर जाऊन सैल झालेले बांबू पुन्हा ठोकून घेतले आणि दोऱ्या ताणून बांधल्या. शेजारणीच्या जावेच्या बांबूंवरचे कावळे उडून माझ्या दोरीवर येऊन बसले. हाकललं तरी जात नव्हते.