‘गाव’ नावाचा रकाना

फुटबॉल लीगचा फॉर्म मी उभ्या उभ्या भरला, स्कूटीच्या सीटवर कागद ठेवून. ही माझी जुनी खोड. बसून काही करायचं म्हटलं की माझे पाय आधी उठतात. नाव, वय, उंची, कुठल्या पायाने खेळता, कुठल्या जागेवर खेळता, असं भरभर लिहीत गेले आणि खाली ‘गाव’ असा रकाना आला. तिथे मी राजापूर तालुक्यातलं आमच्या गावाचं नाव लिहिलं. त्यात विचार करण्यासारखं होतं काय? मुंबईच्या टोकाला, आचोळ्याच्या आमच्या बिल्डिंगमध्ये कुणालाही गाव विचारा, तो कोकणातलं नाहीतर साताऱ्याकडचं नाव सांगेल. आचोळे हा पत्ता. गाव वेगळं. गावाला मे महिन्यात जायचं असतं.

खरं सांगायचं तर त्या गावात मी सगळं मिळून वर्षभरसुद्धा राहिले नसेन. तिथे गेलं की चुलत्यांच्या घरी ‘मुंबईची आली’ म्हणतात, चहा बशीसकट देतात आणि विहिरीचं पाणी काढू देत नाहीत, कारण पाहुण्यांना काम सांगायचं नसतं. तरी कुणी विचारलं की वडिलांच्या तोंडी तेच नाव, आईच्या तोंडी तेच नाव. मग माझ्या तोंडी दुसरं कुठून येणार?

माझं फुटबॉल मात्र नायगावच्या बाजूला, खाडीकाठच्या एका भातशेतीच्या गावात घडलं. माझी मैत्रीण तिथली. कॉलेजच्या टीमची ती गोलकीपर आणि मी गोल मारणारी. पहिल्या वर्षी ती मला घरी घेऊन गेली ती कायमचीच. तिच्या घरामागचं शेत म्हणजे आमचं मैदान. भात कापून झालं की उरलेले खुंट आम्ही मुलीच काढायचो, मग पिंपात पाणी भरून ते पिंप लोळवत लोळवत जमीन सपाट करायचो. त्या खुंटांच्या खुणा माझ्या डाव्या घोट्यावर अजून आहेत. चार हिवाळे मी ते शेत साफ केलं आणि चार हिवाळे रोज संध्याकाळी मैत्रिणीवर शॉट मारले. ती अडवायची. अडवला की बॉल परत फेकताना एकच शब्द, “अजून.”

तिची आई कळशी घेऊन बांधावर बसलेली असायची. मी धापा टाकत आले की म्हणायची, “पानी पी आदी. मग बोल.” मला बोलायचं नसतानाही ती हेच म्हणायची.

तर त्या वर्षी आमच्या इकडच्या तालुक्यात मुलींची लीग सुरू झाली. आठ टीम. त्यातल्या बऱ्याचशा गावांच्या, दोन-तीन खासगी मालकांच्या. नियम साधा होता. ज्या मुलीच्या गावाची टीम आहे ती आपोआप त्या टीमची. बाकीच्या सगळ्या ‘बाहेरच्या’. बाहेरच्यांचा ड्राफ्ट होणार, म्हणजे टीमच्या नावांच्या चिठ्ठ्या काढायच्या आणि ज्याची चिठ्ठी आधी त्याने आधी खेळाडू निवडायची. लीगमधूनच जिल्ह्याची टीम निवडणार होते. मला जिल्ह्याकडून खेळायचं होतंच, नाही कशाला म्हणू? पण त्याहून जास्त मला त्या गावची पिवळी जर्सी घालून, त्या शेतातल्या मुलींबरोबर, त्या कळशीसमोर खेळायचं होतं. फॉर्म वाचणारी सगळी माणसं खाडीकाठची. त्यांच्या लेखी गाव म्हणजे जिथे तुमची रोजची ऊठबस ते. मैत्रिणीच्या गावाचं नाव लिहिलं असतं तर कुणी हरकत घेतली नसती. मी स्वतःच्या हाताने स्वतःला बाहेरची करून आले होते, आणि मला पत्ताही नव्हता.

एका शाळेच्या हॉलमध्ये ड्राफ्ट झाला. मी मैत्रिणीच्या शेजारी बसून चिवडा खात होते, आमचं काय जातंय अशा थाटात. स्टीलच्या डब्यातून पहिली चिठ्ठी कारखान्यांच्या वस्तीतल्या, वालीवच्या टीमची निघाली. त्यांचे मालक उठले आणि त्यांनी माझं नाव घेतलं. टाळ्या पडल्या. मी हसले. मला वाटलं, चुकून घेतलं. मैत्रिणीने माझ्याकडे वळून विचारलं, “गाव कुठला लिवला तू?”

रागावली की ती घरच्या भाषेवर यायची. मी सांगितलं. तिने माझ्या हातातला चिवडा काढून घेतला.

दुसऱ्याच दिवशी मी तिला ओढत लीगच्या सेक्रेटरींकडे नेलं. खाडीकाठच्याच दुसऱ्या एका गावचे निवृत्त मास्तर ते, चष्म्यावरून बघणारे, पण मायाळू. सगळं ऐकून म्हणाले, “चूक झाली असेल तर दुरुस्त करू. त्यात काय?” त्यांनी माझा फॉर्म शोधला, पेनचं टोपण काढलं आणि नेहमीच्या सवयीने विचारलं, “बोल पोरी, गाव कुठला?”

आणि माझ्या तोंडून राजापूर तालुक्यातलं तेच नाव निघून गेलं.

आजही आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. उत्तर द्यायची माझी घाई! प्रश्न पुरा व्हायच्या आत मी मोकळी. मैत्रिणीने कपाळावर हात मारला. मास्तरांनी टोपण हळूच परत लावलं. “दोनदा विचारला,” ते म्हणाले, “दोनदा तू एकच सांगितला. आता मी काय लिवू?” मी भांडले, चार वर्षांचं सगळं सांगितलं, घोटा दाखवला. त्यांनी घोटा नीट बघितला आणि फॉर्म फायलीत ठेवला.

परत येताना मैत्रीण म्हणाली, “जाऊ दे ना. खेळ वालीवकडून. टीम वाईट नाही त्यांची.” किती सहज म्हणाली! मला वाटलं, हिने मला सोडलं. तिने ‘नको जाऊ’ म्हणायला हवं होतं, निदान डोळ्यांत पाणी तरी आणायला हवं होतं. मी स्कूटीवर पुढे बसून गाल चावत राहिले आणि तिच्या घरी न थांबता निघून आले.

त्याच आठवड्यात वालीवचे मालक आमच्या घरी आले. त्यांचा प्लास्टिकच्या वस्तू बनवायचा गाळा होता. हातात पेढ्यांचा बॉक्स आणि एक पिशवी. पिशवीत निळी जर्सी, पाठीवर नऊ नंबर आणि वर आमचं आडनाव. वडिलांना इतका आनंद झाला की त्यांनी ती जर्सी स्वतःच्या छातीला लावून बघितली. मंत्रालयातून दमून आलेला माणूस, पोट सुटलेला, नऊ नंबर लावून उभा. त्या दिवशी मला हसू आलं नाही.

“मी खेळणार नाही,” मी म्हणाले. “तुमच्याकडून नाही.”

मालकांनी पेढ्यांचा बॉक्स टेबलावर ठेवला. मग म्हणाले, “आमचं काही चुकलं का, बाळा?”

चुकलं असतं तर बरं झालं असतं. भांडता आलं असतं. ते सांगत राहिले की त्यांच्या टीममधल्या मुली दिवसभर गाळ्यांत पॅकिंगला उभ्या असतात, शिफ्टच्या आधी सकाळी सहाला मैदानात येतात, डिफेन्स भक्कम आहे, फक्त गोल करणारी नाही. “तुम्हाला आम्ही कॉलेजच्या मॅचमध्ये बघितलंय. चिठ्ठी निघाली तेव्हा पोरी नाचल्या.” मी खिडकीतून खाली पार्किंगकडे बघत राहिले. जाताना त्यांनी जर्सी परत पिशवीत घातली आणि म्हणाले, “नऊ नंबर मी दुसऱ्या कुणाला देत नाही. मन बदललं तर या.”

दार लागल्यावर वडिलांचा पारा चढला. पहिलं नाव तुझं घेतलं, घरी आले, आणि तू तोंड फिरवून उभी? मी म्हणाले, परदेशात मोठमोठे खेळाडू असंच करतात. टीमने ड्राफ्टमध्ये निवडलं तरी सरळ सांगतात, तुमच्याकडे येणार नाही. तुम्हीच पेपरात वाचून दाखवलं होतंत.

“ते मोठे आहेत,” वडील म्हणाले. “तू कोण आहेस?”

नेमकं हेच तर मलाही कळत नव्हतं, पण ते कबूल कोण करणार? मी हट्टाला पेटले. लीगला लेखी कळवलं की खेळणार नाही. नियमाप्रमाणे पूर्ण सीझन बाहेर. जिल्ह्याची निवडही गेली.

पुढचे दीड-दोन महिने मी घरात नुसती येरझाऱ्या घालत होते. जेवताना उठायचे, टीव्ही लावून बाहेर जायचे. पार्किंगच्या भिंतीवर बॉल मारत बसायचे. सोसायटीतून तक्रार आली तेव्हा त्यांच्याशीही भांडले. एक दिवस स्कूटी काढली आणि चिंचोटीपर्यंत गेले. डिसेंबरात तिथे ना धबधबा ना माणूस. पाच मिनिटं उभी राहिले, आपण इथे का आलो ते आठवेना, परत फिरले. खाडीकडच्या रस्त्याला मात्र लागले नाही. तिकडची माणसं मला बोलावतील याची मी वाट बघत होते. कुणी बोलावलं नाही. घरच्या माणसाला कुणी आमंत्रण देतं का, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

सेमीफायनल मैत्रिणीच्या गावची आणि वालीवची लागली, तीही त्याच शेतात. मग राहवेना. गेले आणि बांधावर सगळ्यांच्या मागे उभी राहिले. सगळं गाव आलं होतं. कुणी खाटा आणल्या होत्या, कुणी ट्रॅक्टरवर चढलं होतं. पलीकडे वालीवच्या बाकाशेजारी, एका रिकाम्या खुर्चीच्या पाठीला निळी नऊ नंबरची जर्सी अडकवलेली दिसली. ती बघून मला तिथून पळून जावंसं वाटलं.

मॅच काय सांगू? वालीवच्या मुली जीव तोडून धावत होत्या. बॉल पुढे आणायच्या, छान आणायच्या, आणि गोलसमोर आल्या की पुढे काय करायचं ते कळायचं नाही. ज्या जागी बॉल येत होता तिथे मी असायला हवी होते. तीनदा माझा उजवा पाय आपोआप हलला. शेजारचे काका सरकून उभे राहिले. मैत्रीण गोलात हात मागे बांधून उभी. गाव दोन-शून्यने जिंकलं.

सगळे मैदानात धावले. मी तिथेच. तिची आई कळशी घेऊन माझ्याजवळ आली, जणू मी कालच येऊन गेले होते. “पानी पी आदी,” म्हणाली. बाजूला बसलेल्या एका बाईने तिला विचारलं, “ही पोरगी कोन गं?”

“आपलीच हाय,” ती म्हणाली. “रुसलीय यंदा.”

तिने ते बाजारभाव सांगावा तसं सांगितलं आणि पुढे पाणी वाटायला गेली. मी हातातला पेला धरून उभी राहिले. ज्या एका शब्दासाठी मी सीझन घालवला, जिल्हा घालवला, एका भल्या माणसाला दारातून परत पाठवलं, तो शब्द मला मैत्रिणीच्या आईने न मागता दिला होता. आणि दुसरा शब्दही तिचा खरा होता. मी तत्त्वासाठी नकार दिला नव्हता. मी रुसले होते.

तेवढ्यात मैत्रीण आली. हातमोजे काढून तिने माझ्या अंगावर फेकले. मला वाटलं, जिंकल्याचा आनंद.

“एक शॉट आला नाय धड,” ती म्हणाली. “पाय गार पडले उभी राहून. चार वरसा तुझे शॉट अडवले मी. कोनी बगितले? कोनी नाय. आज सगला गाव बसला होता. आज यायला पायजे होती तू. समोरून.”

‘खेळ वालीवकडून’ ती का म्हणाली होती, ते तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात शिरलं. मी पुढच्या वर्षी येईन म्हणाले. नक्की येईन, आणि तुला चार मारीन. ती म्हणाली, बघू, दोन पण जानार नाय. आम्ही दोघी हसलो आणि तिच्या आईने आम्हाला जेवायला हाक मारली.

पुढच्या वर्षी मी फॉर्म बसून भरला. ‘गाव’पाशी पेन थांबलं तेव्हा मुद्दाम राजापूरचंच नाव लिहिलं, नीट अक्षरात. नियमाप्रमाणे माझ्यावरचा हक्क अजून वालीवचाच होता. वालीवच्या मालकांनी कपाटातून तीच जर्सी काढून दिली, ‘या’ एवढंच म्हणाले. सकाळी सहाच्या सरावाला मी एकदाही उशिरा गेले नाही. पॅकिंगवाल्या मुलींनी मला पहिला महिनाभर बॉल दिला नाही, आणि त्यांचं बरोबर होतं.

खाडीकाठच्या गावाशी मॅच जानेवारीत आली. मैत्रिणीला दिवाळीनंतर अंधेरीला नोकरी लागली होती. रविवारचीही शिफ्ट, सुट्टी मिळेना. तिने फोनवर सांगितलं होतं, तरी मैदानात उतरल्यावर मी आधी गोलाकडेच बघितलं. बांधावर तिची आई कळशी घेऊन बसली होती. मी दोन गोल केले. गोलात दुसरीच मुलगी होती.