वखारीतल्या आक्का

चौगुले आक्कांनी पहिल्याच भेटीत माझं तोंड बंद केलं. दम लागतो तर चालवा, असं डॉक्टरांनी सांगितलं म्हणून मी माझ्या आठ वर्षांच्या अर्पिताला रोज निपाणीच्या मैदानाला फेऱ्या मारायला लावत होते. पोरगी धापा टाकत, मुसमुसत चालायची. कट्ट्यावर बसलेल्या आक्का, शाळेतल्या खेळाच्या निवृत्त बाई, म्हणाल्या, "हिंडलग्याच्या जेलातल्या कैद्यागत काय फिरवाय लागलीस गं लेकराला?"

मला रागच आला. त्यांनी मात्र अर्पिताकडे चिंध्यांचा चेंडू टाकला. तिनं डोळे गच्च मिटले. चेंडू छातीवर आपटून खाली पडला.

"बघितलंस? हिला खेळाय जमत न्हाय म्हणून ही खेळत न्हाय, आणि खेळत न्हाय म्हणून दम लागतोय. तू नुसती दमाच्या मागं लागलीयास."

आक्का तंबाखूच्या एका रिकाम्या वखारीच्या अंगणात संध्याकाळी मुलं जमवत. शर्यत नाही, नंबर नाही. आधी भुश्शावर पडायला शिकवायच्या, मग लंगडी, मग झेल. कोणी चुकलं की "व्हय, लई झ्याक चुकलीस" म्हणून पाठ थोपटायच्या. अर्पिता तिथं हसायला लागली.

अडचण भलतीच निघाली. आम्ही जैन, दिवस मावळायच्या आत जेवण व्हायलाच हवं. थंडीत खेळ रंगायचा आणि नेमकी सासूबाईंची हाक यायची. जेवून पोरगी लोळायची ती उठायचीच नाही. मी म्हटलं, जाऊ दे, उन्हाळ्यात बघू. पण आक्का स्वतः जैन, दिवेलागणीनंतर पाणीही न पिणाऱ्या. त्यांनी सगळ्यांना डबेच आणायला लावले. ऊन कललं की शिट्टी व्हायची आणि पोरं रांगेत जेवायला बसायची. त्यानंतर पळापळ बंद, नुसती बसून झेलाझेली. जैन नसलेल्या घरांतली पोरंही हौसेनं डबे आणू लागली. एका संध्याकाळी अर्पितानं उघड्या डोळ्यांनी चेंडू झेलला आणि मी वखारीच्या दारात उभी राहून रडले.

यंदा आक्का मुलाकडे बेळगावात कॅम्प भागात राहायला गेल्या. पोरं आपली आपण जमतात. परवा अर्पिता अंधार पडल्यावर घरी आली, गुडघे खरचटलेले, डबा भरलेला तसाच. खो-खोच्या नादात जेवायचंच विसरली होती! म्हणजे आता सकाळपर्यंत उपास. माझ्या जिवाला घोर लागला. तक्रार करायला मी आक्कांना फोन लावला.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"किती जणींना बाद केलं हिनं?"

मी अर्पिताला विचारलं. तिनं ऐटीत चार बोटं दाखवली.

"मग झोपू दे उपाशी," आक्का म्हणाल्या. "सकाळी भाकरी जास्त थाप."