यानाची करकर

एपिसोड संपला. दिवे लागले. टाळी एकही नाही.

समोर बारा जण बसले होते, सगळे पन्नाशी ओलांडलेले. लहानपणी हे लोक रेडिओवर एक अंतराळमालिका ऐकायचे. तिचंच आम्ही ॲनिमेशन करत होतो. नटांचे आवाज जुन्या टेपवरचे, चित्रं नवी. लेखक वारले होते. त्यांची मुलगी मेधाताई पुण्याहून आल्या होत्या. त्यांची अट एकच: जुन्या श्रोत्यांनी होकार दिला तरच परवानगीवर सही. पाच वाजता त्यांची परतीची गाडी होती. सही झाली नाही, तर आमच्या गारखेड्याच्या स्टुडिओतल्या सहा जणांचं वर्षभराचं काम मातीत.

त्या वर्षी पावसानं दडी मारलेली. बाहेर नव्या अपार्टमेंटसाठी बोअर मारणारी गाडी धडधडत होती, म्हणून खिडक्या गच्च बंद. सगळे घामाघूम.

मी साउंड एडिटर. आम्हाला धाकधूक होती ती यानाच्या कप्तानाच्या चेहऱ्याची. रेडिओला चित्र नसतं, त्यामुळे प्रत्येकाच्या डोक्यात कप्तान वेगळा. यावरून हाणामारी होणार, असं आमचे बॉस सलीमसर म्हणत होते. झालं भलतंच. चेहऱ्याबद्दल कुणी ब्रही काढला नाही.

देवगाव रंगारीहून आलेल्या सुमनताई म्हणाल्या, “चित्रं लई भारी काढली. पण यान कुठं गेलं?”

“हे काय, समोरच तर होतं!” मी जरा तोऱ्यातच म्हणाले.

“दिसलं की. ऐकू नाय आलं.”

बाकीच्यांनी माना डोलावल्या. माझा पारा चढला. यानाच्या इंजिनाचा आवाज मी तीन आठवडे खपून तयार केला होता. खुर्च्या हादरतील असा घरघराट. आणि म्हणे ऐकू नाही आलं!

“ते आभाळातल्या इमानावानी वाटतंय,” सुमनताई म्हणाल्या. “आमचं यान करकरायचं. करकर, ठक. करकर, ठक.”

ती करकर मला ठाऊक होती. मीच ती काढली होती. जुन्या टेपचं आम्ही क्लीनिंग करतो. म्हणजे खरखर, खोकला, पंख्याचा आवाज वेचून काढायचा, तांदळातले खडे निवडतात तसा. टेप घासली गेली असेल, म्हणून करकर येते, असं मी धरून चालले. एकेक जागा शोधून साफ केली. वर सलीमसरांची शाबासकीही घेतली.

“अहो, तो टेपचा बिघाड होता,” मी म्हणाले.

“बिघाड कसला, बाई? हापसा हाय त्यो!”

मग सुमनताईंनी सांगितलं. दुष्काळाचं साल होतं. गावात एकाच हापशाला पाणी, तेही हात भरून येईपर्यंत हापसल्यावर. मालिकेच्या वेळी कुणीतरी रेडिओ हापशाच्या ओट्यावर आणून ठेवायचं.

“दांडा ज्याच्या हातात त्यो कप्तान,” त्या म्हणाल्या. “हापसायला आमची भांडणं लागायची. एरवी कोणतं पोरगं पाण्याला जातंय? माय म्हणायची, ह्या यानामुळंच घरात पाणी हाय.”

“बाबांनी तो आवाज आमच्या घरामागच्या हापशावरच रेकॉर्ड केला होता,” मेधाताई म्हणाल्या. “दुसरं साधनच नव्हतं. शेवटपर्यंत लाजायचे त्याला. कुणाला कळलं नसेल, अशी आशा होती त्यांना.”

“समद्यांना कळलं व्हतं,” सुमनताई म्हणाल्या. “म्हणून तर आपलं वाटलं.”

साडेतीन वाजले होते. मूळ रेकॉर्डिंगला हात लावायचा नाही, कामाला नक्कल घ्यायची, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. तो पाळला होता म्हणून वाचले. मी मूळ रेकॉर्डिंग उघडलं, तसे सलीमसर कानाशी आले.

“नक्को मॅडम. फटी हुई आवाज जाएगी. लोगां बोलेंगे, स्टुडिओ है के टीन की दुकान?”

“बोलू द्या, सर.”

पाहुण्यांचा चहा होईपर्यंत उड्डाणाचे तिन्ही प्रसंग बदलले. माझं इंजिन मीच काढलं. जिवावर आलं, पण काढलं.

पुन्हा दिवे मालवले. यान उठलं. करकर, ठक. सुमनताईंचा उजवा हात मांडीवरून उठला आणि वर-खाली होऊ लागला. मग शेजारच्या निवृत्त हेडमास्तरांचा. मग अख्ख्या रांगेचा. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. मला भरून आलं, खोटं कशाला बोलू? या माणसांनी एक आवाज इतकी वर्षं हातात सांभाळला होता, आणि मी तो कचरा म्हणून फेकला होता.

मेधाताईंनी सही केली, तीही पडद्यावरची नजर न हलवता. ती भलत्याच ओळीवर पडली. दुसरा कागद काढावा लागला.

जुन्या टेपवर कचरा कोणता, हे मशीनला कळत नाही आणि मलाही नाही. आता क्लीनिंगआधी मी जुन्या श्रोत्यांना बोलावून टेप ऐकवते. त्यात दोन दिवस जातात. न विचारता केलेल्या इंजिनात माझे तीन आठवडे वाया गेले होते.